पाढे येतात, मग पाणी का मागता येत नाही?

पत्र :

सप्रेम नमस्कार,

माझे वडील 67 वर्षांचे आहेत. सोलापुरात यंत्रमाग कारखान्यात त्यांची हयात गेली. आमच्या घरात तेलुगू बोलतात. कारखान्यात, बाजारात, मित्रमंडळींत मराठी. पाच महिन्यांपूर्वी त्यांना लकवा झाला. उजवा हात-पाय बराच सुधारलाय, काठी घेऊन चालतात. पण बोलणं गेलं ते आलंच नाही. पाणी हवं असलं की ‘चहा’ म्हणतात, कधी नुसतं ‘ते... ते...’. कशालाही ‘हो’ म्हणतात आणि मग चिडतात. परवा मात्र माझी मुलगी पाढे म्हणत होती, तर त्यांनी तिच्या सुरात सूर मिसळून बेचा पाढा धडाधड म्हटला! आरतीही येते. राग आला की शिवी तर अगदी खणखणीत. आईला वाटतं, ते मुद्दाम बोलत नाहीत. भाऊ म्हणतो, डोक्यावर परिणाम झालाय, घराच्या कागदांवर अंगठे घेऊन टाकू. मी पुण्याहून शनिवार-रविवारी जाते आणि चित्रांची कार्डं दाखवून ‘हे काय?’ विचारत बसते, तर ते तोंड फिरवतात. एका डॉक्टरांनी सांगितलं, दोन भाषांनी गोंधळ होतो, फक्त मराठी बोला. दुसरे म्हणाले, जे यायचं ते सहा महिन्यांत येतं. शेजारच्या काकू वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगतात. सहा महिने संपत आलेत. काय करू?

– एक मुलगी, पुणे

उत्तर :

ताई,

आधी घरी दोन निरोप पोहोचवा. आईंना सांगा, ते मुद्दाम करत नाहीत. शब्द सापडत नाही म्हणून गप्प बसतात. भावाला सांगा, कागद सध्या कपाटातच राहू देत. त्यावर पुढे लिहिते.

वडिलांना जे झालंय त्याला वाचाघात म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी अफेझिया. तपासल्याशिवाय मी शिक्कामोर्तब करणार नाही, पण तुम्ही लिहिलेली बहुतेक लक्षणं त्याचीच आहेत. लकवा, म्हणजे मेंदूचा झटका (स्ट्रोक), येणाऱ्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला वाचाघात होतो. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक माणसांत भाषेचा मुख्य कारभार मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाकडे असतो आणि शरीराच्या उजव्या बाजूची हालचालही त्याच भागाच्या ताब्यात असते. म्हणून उजवा हात लुळा पडणं आणि बोलणं जाणं ही जोडी आम्हा वाचा-उपचारतज्ज्ञांना सारखी दिसते.

घरच्यांचा पहिला समज असतो की जीभ जड झाली. काहींची होतेही, पण तो आजार वेगळा. ज्याला बेचा पाढा स्पष्ट म्हणता येतो त्याची जीभ बऱ्यापैकी शाबूत आहे हे तुमच्या लेकीने परवा सिद्धच केलं. दुसरा समज म्हणजे ‘बोलता येत नाही ना, मग लिहून दाखवा’. हातात वही-पेन दिलं जातं, माणूस दोन रेघा ओढतो आणि पेन टाकून देतो, आणि मग सगळ्यांची खात्रीच पटते की डोकं गेलं. पण लिहिणं हीसुद्धा भाषाच. जो शब्द ओठांपर्यंत येत नाही तो बोटांपर्यंत तरी कुठून येणार? तिसरा समज भावाचा, बुद्धी गेल्याचा. वाचाघात झालेला माणूस घरातली माणसं ओळखतो, रस्ता ओळखतो, पैशाचा व्यवहार चुकतोय हे त्याला कळतं, कोण आपल्याला हसतंय हेही कळतं. बोललेलं समजण्यात मात्र थोडीफार अडचण बहुतेकांना असते. वाक्य लांबलं, दोघं एकदम बोलू लागले किंवा टीव्ही चालू असला की ती वाढते. तेव्हा ‘त्यांना सगळं समजतं’ असं धरून भराभर बोलू नका, आणि ‘काहीच समजत नाही’ असं धरून त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी तर अजिबात बोलू नका.

आता पाढ्यांकडे येते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात बोलकी गोष्ट तीच आहे.

हे कोडं फार जुनं आहे. 18व्या शतकात स्वीडनमध्ये ओलोफ फॉन डालिन यांनी एका माणसाची हकिगत लिहून ठेवली. आजारपणात त्याची वाचा गेली होती, पण कुणी सुरुवात करून दिली की पाठ असलेली प्रार्थनागीतं तो शब्दांसकट म्हणत असे. पुढे 1861 मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यविशारदाने लबोर्न नावाच्या रुग्णाला तपासलं. लबोर्न तिथे 21 वर्षं होता. काहीही विचारलं तरी तो ‘तां, तां’ एवढंच म्हणायचा, म्हणून रुग्णालयात त्याला सगळे ‘तां’ म्हणूनच ओळखत. पण आपलं म्हणणं समोरच्याला कळत नाही म्हणून भडकला की देवाच्या नावाने एक अख्खी शिवी हासडायचा. तो वारल्यावर ब्रोकाने मेंदू पाहिला तर इजा डाव्या बाजूला, पुढच्या भागात होती. भाषेचं आणि मेंदूच्या डाव्या बाजूचं नातं वैद्यकाने गांभीर्याने घेतलं ते तिथून. म्हणजे वडिलांच्या शिव्यांना मोठी परंपरा आहे. आईंना सांगा, मनाला लावून घेऊ नका.

या कोड्याचं उत्तर 19व्या शतकातच लंडनच्या जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी बरंचसं दिलं. त्यांनी बोलण्याचे दोन प्रकार मानले. एक, नवं काहीतरी सांगण्यासाठी जुळवलेलं बोलणं. दुसरं, आपोआप निघणारं : मोजणी, वारांची नावं, प्रार्थना, शिव्या, ‘अरे देवा’, ‘बरं बरं’. ‘बे एके बे, बे दुणे चार’ म्हणताना आपण शब्द निवडत नाही. पहिला शब्द दुसऱ्याला ओढतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शाळेत घोकून घोकून त्यांची सलग माळ झालेली असते. वडिलांना मध्येच ‘बे त्रिक किती?’ असं विचारलं तर बहुधा ते अडतील किंवा ‘बे एके बे’पासून सुरुवात करून तिथवर पोहोचतील. असं घोटलेलं बोलणं चालवायला मेंदूचा उजवा भाग आणि आतले खोल भाग बरीच मदत करतात असं आज मानलं जातं. डावीकडे इजा झाली तरी ते काम चालू राहतं.

‘पाणी दे’ या दोन शब्दांचं तसं नाही. नेदरलँड्समधले विलेम लेव्हेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलण्याच्या क्रियेचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या मांडणीप्रमाणे आधी काय सांगायचं ते ठरतं, मग त्या अर्थाचा शब्द निवडला जातो, मग त्या शब्दाचे आवाज गोळा होतात, आणि त्यानंतर ओठ-जिभेला हुकूम जातो. चित्र पाहिल्यापासून नाव ओठांवर येईपर्यंत हे सगळं साधारण 600 मिलिसेकंदांत उरकतं, आणि गप्पांच्या ओघात आपण सेकंदाला दोन-तीन शब्द या वेगाने हे करत राहतो. निवडताना शेजारचे शब्दही जागे होतात : पाणी म्हणताना चहा, दूध, पेला, तहान. त्यातला योग्य तो पुढे आणायचा आणि बाकीच्यांना मागे ठेवायचं, हे काम वडिलांच्या मेंदूत नीट होत नाहीये. म्हणून ‘चहा’. चूक आहे, पण बघा, ते खुर्ची म्हणाले नाहीत, पिण्याच्याच वस्तूचं नाव घेतलं. अर्थ जागेवर आहे. एखाद्या वेळी ते ‘पाणी’ऐवजी ‘माणी’ असं काही म्हणाले, तर शब्द बरोबर निवडला पण आवाज जुळवताना घसरले असं समजा. कुठल्या पायरीवर जास्त घसरतात हे आम्ही तपासणीत पाहतो, कारण त्यावर उपचार ठरतो. तुम्ही एका वहीत अशा चुका जशाच्या तशा, तारखेसह टिपून ठेवल्यात तर पहिल्याच भेटीत फार उपयोग होईल.

आपल्यालाही याची छोटी चव अधूनमधून मिळते. लग्नात समोरून ओळखीचे गृहस्थ येतात, त्यांचं गाव, नोकरी, मुलाचं लग्न सगळं आठवतं आणि नाव तेवढं आठवत नाही. 1966 मध्ये हार्वर्डमध्ये रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी विद्यार्थ्यांना अनवट शब्दांचे अर्थ वाचून दाखवले आणि ज्यांना शब्द ‘ओठांवर आलाय पण येत नाही’ असं झालं त्यांना प्रश्न विचारले. शब्द न आठवताही त्याचं पहिलं अक्षर काय, तो केवढा लांब, हे त्यांना बरेचदा सांगता येत होतं. म्हणजे शब्द पुसला गेलेला नसतो, अर्धवट हाती लागलेला असतो. यातूनच घरी वापरता येण्याजोगी युक्ती निघते. वडील अडले की थोडं थांबा. मनात सावकाश दहा मोजा. ते दहा आकडे तुम्हाला युगासारखे वाटतील, तरी मोजा. नाहीच आलं तर नुसतं ‘पा...’ म्हणा, किंवा ‘घसा सुकलाय, प्यायला हवं थंडगार...’ असं वाक्य सुरू करून त्यांच्यासाठी सोडा. तरी आलं नाही तर शब्द तुम्ही म्हणा, पेला हातात द्या आणि विषय सोडून द्या. ‘आधी पाणी म्हणा, मग देते’ असं करणारी घरं मी पाहिली आहेत. तो छळ आहे, आणि त्यातून माणूस एवढंच शिकतो की या लोकांकडे काही मागू नये.

तुमच्या कार्डांचंही थोडंफार तेच झालंय. वाईट वाटून घेऊ नका, सगळे हेच करतात. पण पंख्याचं चित्र दाखवून ‘हे काय?’ विचारता तेव्हा तो पंखा आहे हे तुम्हाला माहीत असतं, त्यांना माहीत असतं, आणि तुम्हाला माहीत आहे हेही त्यांना माहीत असतं. चाळीसेक वर्षं माग चालवलेल्या माणसाला लेकीने बालवाडीत बसवलंय. तोंड फिरवतील नाही तर काय करतील! चित्रांचा सराव आम्हीही घेतो, पण कोणते शब्द, कोणत्या क्रमाने, कितीदा, अडल्यावर कोणती मदत, हे ठरवून. ते उपचारांच्या वेळेत होऊ द्या. तुम्ही गप्पा मारा.

आणि गप्पा ही काही उपचारांची गरीब बहीण नव्हे. कॅनडात टोरंटोमध्ये ऑरा केगन यांनी यावर काम केलं आहे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वाचाघात झालेल्या माणसांशी बोलणारे 40 स्वयंसेवक होते. निम्म्यांना बोलण्याचं तंत्र शिकवलं, निम्म्यांना नाही. शिकवलेल्यांचं बोलणं सुधारलं यात नवल नाही; पण त्यांच्यासमोर बसलेल्या रुग्णांनाही आपलं म्हणणं जास्त चांगलं पोहोचवता आलं. रुग्णांना तर काहीच शिकवलेलं नव्हतं!

ते तंत्र तुमच्या घरी आणायचं तर पुढच्या शनिवारी घरातली जुनी सोलापुरी चादर त्यांच्या मांडीवर पसरा. तुम्हाला खरंच माहीत नाही असं काही विचारा. ही डॉबीवरची की जकार्डवरची (मागावर नक्षी विणायची ही दोन साधनं)? वहीत दोन्ही शब्द मोठ्या अक्षरांत, ज्या लिपीत ते वाचत असत तिच्यात, लिहून समोर धरा. ते बोट ठेवतील. ताणा कुठला, बाणा कुठला, हाताने दाखवतील. धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा) अडकला की काय करायचे, हे शब्दांशिवायही त्यांना करून दाखवता येईल, आणि करता करता एखादा शब्द निसटून बाहेर येईल. येईलच असं नाही. पण त्या अर्ध्या तासात सांगणारे ते असतील आणि ऐकणाऱ्या तुम्ही. कळलं ते पुन्हा बोलून पक्कं करा : ‘म्हणजे ही जकार्डची, हो ना?’ नाही कळलं तर कळल्याचं नाटक करू नका. त्यांना लगेच ओळखू येतं. ‘मला समजलं नाही, पण तुम्हाला काय म्हणायचंय ते तुम्हाला माहीत आहे हे मला दिसतंय’ असं सरळ सांगा. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाने पाठ करावं. मार्कंडेय महाराजांच्या रथाचे, गड्ड्याच्या यात्रेचे जुने फोटो काढून ठेवा. कुठलं वर्ष, कोण कोण होतं, हे बोटाने, आकड्याने, मानेने सांगता येतं. नातीला जरूर बसवा. मुलं अशा बाबतीत मोठ्यांपेक्षा शहाणी असतात, चुकलेल्या शब्दाला हसतात आणि पुढे जातात.

मोठ्याने मात्र बोलू नका. त्यांचे कान गेलेले नाहीत. नातेवाईक भेटायला येतात आणि दारातूनच ओरडतात, ‘काय मामा, ओळखलं का?’ त्यांना दारातच आवरण्याचं काम भावाला द्या.

‘हो’चा घोळ वेगळा आहे, कारण तो धोक्याचा आहे. हो आणि नाही हे शब्दही वाचाघातात उलटसुलट होतात. मनात नाही असतं, तोंडून हो निघतं, आणि चुकीचं निघालं हे स्वतःच्याच कानांनी ऐकून माणूस चिडतो. तुमच्या वडिलांचं चिडणं मला म्हणूनच आशादायक वाटतं. आपलं चुकलं हे त्यांना कळतंय. एका पुठ्ठ्यावर ठसठशीत ‘हो’ आणि ‘नाही’ लिहा, शेजारी बरोबर-चूक अशा खुणा काढा, आणि उत्तर बोटाने द्यायची सवय लावा. महत्त्वाचं काही असेल तर प्रश्न उलटून पुन्हा विचारा. ‘पोटात दुखतंय?’ – हो. ‘पोट ठीक आहे?’ – पुन्हा हो. मग दोन्ही उत्तरं रद्द, तिसऱ्या मार्गाने विचारा. औषध, दुखणं आणि पैसे या तीन बाबतींत नुसत्या ‘हो’वर कधीही पुढे जाऊ नका.

आता भाषेचं. फक्त मराठी बोला हा सल्ला मला पटत नाही.

दोन भाषा बोलणाऱ्याला वाचाघात झाला तर कुठली भाषा आधी परत येते, यावर दीडशे वर्षं वाद चालू आहे. फ्रान्समध्ये तेओद्यूल रिबो यांचा नियम होता की आधी शिकलेलं जास्त टिकतं. त्यावरून पहिली भाषा आधी परतावी. 1895 मध्ये आल्बेर पित्र म्हणाले, नाही, आजाराआधी जी रोजच्या वापरात होती ती आधी परतते. दोघांच्याही बाजूने रुग्ण सापडतात आणि दोघांच्याही विरुद्ध सापडतात. इटलीच्या ईशान्येकडच्या फ्रिउली भागात लोक घरी फ्रिउलियन आणि बाहेर इटालियन बोलतात, अगदी तुमच्या घरासारखं. तिथल्या 20 रुग्णांना फ्रांको फाब्रो यांनी दोन्ही भाषांत तपासलं. 13 जणांच्या दोन्ही भाषांचं सारखंच नुकसान झालं होतं. चौघांची दुसरी भाषा जास्त बिघडली होती, तिघांची पहिली. क्वचित याहून विलक्षणही घडतं. 1982 मध्ये मिशेल पारादी आणि सहकाऱ्यांनी मोरोक्कोतल्या एका ननची नोंद प्रसिद्ध केली. ती फ्रेंच आणि अरबी बोलत असे. अपघातानंतर एका दिवशी तिला अरबी बरी येई आणि फ्रेंच जवळजवळ नाही, तर दुसऱ्या दिवशी उलट. त्याहून चक्रावणारं म्हणजे, जी भाषा त्या दिवशी आपणहून बोलता येत नसे तिच्यात भाषांतर मात्र तिला करता येई. म्हणजे न येणारी भाषाही पुसली गेलेली नव्हती. तिच्यापर्यंतची वाट त्या दिवशी बंद होती.

दोन भाषांमुळेच मेंदूवर ताण येतो ही भीतीही सोडा. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी लकवा झालेल्या 608 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृती, लक्ष वगैरे क्षमता लकव्यानंतर शाबूत राहिलेल्यांचं प्रमाण एकभाषकांत 19.6 टक्के होतं, तर एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत 40.5 टक्के. वाचाघाताचं प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखंच निघालं. म्हणजे दुसऱ्या भाषेने वाचाघात टळत नाही, पण ती अपायही करत नाही.

आणि व्यवहाराचा प्रश्न आहेच. तुमच्या आई त्यांच्याशी गेली कित्येक वर्षं तेलुगूत बोलत आल्या. आता अचानक त्यांनी मराठीत ‘पाणी हवं का?’ विचारलं तर वडिलांना वाटेल, आपल्याशी घरातल्यासारखं बोलणंही बंद झालं. तेव्हा आई तेलुगूतच बोलोत, कारखान्यातले मित्र मराठीत. वडिलांना ‘पाणी’ सापडलं नाही आणि ‘नीळ्ळु’ सापडलं तर ते बरोबर उत्तर आहे, वाहवा करा. अर्धं वाक्य तेलुगू आणि अर्धं मराठी निघालं तर तेही बरोबर. धडधाकट असताना सोलापुरात ते तसंच बोलत असणार. उपचारतज्ज्ञाला तेलुगू येत नसेल तर तपासणीच्या वेळी आईंना किंवा तुम्हाला शेजारी बसवायला सांगा आणि दोन्ही भाषांत तपासण्याचा आग्रह धरा. एकाच भाषेत तपासून दिलेला निकाल मी अर्धा समजते.

सहा महिन्यांच्या मुदतीबद्दल. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते हे खरं आहे. मेंदूची सूज उतरते, दबलेले भाग कामाला लागतात. त्यानंतर वेग मंदावतो, पण दार बंद होत नाही. जर्मनीत याची चोख परीक्षा झाली, निकाल 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. लकव्याला किमान सहा महिने उलटलेले, 70 वर्षांपर्यंतचे 156 रुग्ण. निम्म्यांना किमान तीन आठवडे, आठवड्याला 10 तास किंवा जास्त वाचा-उपचार दिले. उरलेल्यांना तेवढे आठवडे थांबवून ठेवलं आणि नंतर दिले. उपचार घेतलेल्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं, थांबलेल्यांचं नाही, आणि सहा महिन्यांनंतरही तो फायदा टिकून होता. हा फायदा इतक्या तासांच्या उपचारांनी झाला; आठवड्यातून एकदा अर्धा तास जाऊन येणं म्हणजे ते नव्हे.

आपल्याकडे आठवड्याला दहा तास कुणाला परवडणार, हे मला कळतं. एकत्र मुक्कामाची सोय होत असेल तर महिनाभर वडिलांना पुण्याला आणा. भारती विद्यापीठात वाचा आणि श्रवण विभाग आहे. मुंबईत वांद्र्याची अलि यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालय आहे. शिकवणाऱ्या संस्थांत खर्च कमी येतो. खासगी तज्ज्ञाकडे गेलात तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा; संकोच करू नका. तिथून घरचा अभ्यास ठरवून घ्या, मग सोलापूरला परतल्यावर व्हिडिओ कॉलवर पाठपुरावा होऊ शकतो. पहिल्याच भेटीत ‘रोज बोलता येतील असे 20 शब्द निवडून द्या’ अशी मागणी करा, आणि ते शब्द वडिलांच्या आयुष्यातले असू द्या. सफरचंद आणि जिराफ यांच्यावाचून त्यांचं काही अडलेलं नाही.

पूर्वीसारखं बोलू लागतील का? मी तसं वचन देणार नाही. पाच महिन्यांनंतर इतकी अडचण असलेल्यांपैकी बरेच जण कामापुरतं बोलू लागतात, पण अडखळत. काहींचं बोलणं थोडक्या शब्दांवरच थांबतं.

आरती जरूर म्हणू द्या, रोज म्हणू द्या. पण आरती येते म्हणून गाता गाता बोलणं सुटेल अशी आशा मोठी धरू नका. बोस्टनमध्ये 1973 मध्ये चालीत वाक्यं म्हणवून घेण्याची एक पद्धत निघाली, डाव्या हाताने ठेका धरत. ती काहींना उपयोगी पडते, पण सरावातल्या वाक्यांपलीकडे फायदा फारसा पसरताना दिसत नाही. लाइपझिगच्या संशोधकांनी 2011 मध्ये 17 रुग्णांवर पाहिलं तर चालीपेक्षा ठेका आणि शब्द ओळखीचे असणं यांचाच हात मोठा निघाला. ठेका धरून ‘च-हा-दे’ म्हणवून बघायला हरकत नाही. आरतीचं खरं मोल वेगळं आहे : चारचौघांत त्यांचा आवाज इतरांच्या बरोबरीने लागतो.

घराचे कागद. बोलता न येणं म्हणजे निर्णय घेता न येणं नव्हे, आणि ज्याचं ‘हो’ भरवशाचं नाही त्याचा अंगठा घाईने घेणं हे भावालाच उद्या महागात पडेल. पेन्शन किंवा बँकेतून पैसे काढणं एवढीच अडचण असेल तर सही करू न शकणाऱ्या आजारी खातेदारासाठी बँकेत सोय असते : दोन साक्षीदारांसमोर अंगठा, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शाखेत विचारा. घराचा व्यवहार थांबवता येईल तितका थांबवा. नाहीच थांबला तर वकील आणि वाचा-उपचारतज्ज्ञ दोघांनाही समोर बसवून, दोन्ही भाषांत, चित्रं आणि आकडे काढून, प्रश्न उलटसुलट विचारून त्यांचं मत घ्या. आणि तेव्हा त्यांनी ‘नाही’वर बोट ठेवलं तर ते नाहीच समजा.

एक लक्ष ठेवा. लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, आणि ज्याला ‘मला बरं वाटत नाही’ हेच म्हणता येत नाही त्याचं नैराश्य कुणाच्या ध्यानात येत नाही. जेवण तुटलं, झोप उडाली, नात आली तरी चेहरा हलला नाही, असं दोनेक आठवडे दिसलं तर मेंदूविकारतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. त्यावर औषध आहे.

आणि वेखंड. काकूंना हात जोडून नाही म्हणा. जीभ दोषी नसताना तिला चोळून काय मिळणार? फुगे फुगवणं, शंख फुंकणं यांचंही तेच. त्याने शब्द सापडत नाहीत. जिभेवर काहीही ठेवण्याबद्दल मी घाबरते त्याला दुसरं कारण आहे. लकव्यानंतर बऱ्याच जणांचं गिळणं बिघडतं आणि घास किंवा पाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. पाणी पिताना वडिलांना ठसका लागतो का, प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरता होतो का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. तसं होत असेल तर बोलण्याच्या उपचारांची तारीख मिळेपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.